लाकूड कापायची घोडी: तिसऱ्या रविवारची नोंद

घोडी, म्हणजे फांदी ठेवून कापायचा लाकडी आधार, उभी राहिली आणि आज तिच्यावर पहिली फांदी कापून झाली.

कोलशेत गावठाणातल्या आमच्या घरी आईचा तांब्याचा बंब रोज पेटतो. त्याला वीतभर तुकडे लागतात. आजवर मी फांदी पायाखाली दाबून करवत चालवायचो. यंदा पावसात मोडलेली आंब्याची फांदी कापताना ती गडगडली आणि पातं अंगठ्याच्या बोटभर अलीकडून गेलं. घोडी करायची, हे त्या दिवशीच ठरलं.

वखारीतून साल लाकडाचे जुने वासे आणले, 3 बाय 2 इंची. 3 फुटांचे सहा पाय कापले. दोन-दोन पाय फुलीसारखे एकमेकांत बसवले. फुली खालून 2 फुटांवर, अगदी काटकोनात. काटकोन धरला की खाच चौकोनी येते, गुण्या (सुताराची काटकोनी पट्टी) लावून आखता येते. प्रत्येक पायात 1 इंच खोल खाच, करवतीने दोन्ही कडा, मग पटाशी. जुना साल दगडासारखा कडक, दर दोन खाचांनी पटाशीला धार लावावी लागली. मधोमध 12 मिमीचा बोल्ट आणि जाड वायसर. फुलीच्या वरच्या खोबणीत, जिथे फांदी बसते, मात्र खिळा, स्क्रू काहीही ठेवला नाही, पातं तिथेच येतं.

पहिल्या रविवारी दोनच फुल्या केल्या होत्या, एकमेकींपासून 3 फुटांवर. फांदी ठेवली, मध्ये कापायला घेतलं आणि अर्ध्यावर पातं घट्ट अडकलं. दोन्ही टोकांना आधार असला की फांदी मध्ये खचते, कापाची वरची तोंडं मिटतात आणि पातं चिमटीत सापडतं. टोक आधाराबाहेर लोंबत असलं तर उलट होतं, वजनाने काप उघडत जातो. म्हणून कापायचं ते नेहमी फुलीच्या बाहेर. मला या सगळ्या कामातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, घोडी कितीही मजबूत असली तरी.

त्यामुळे तिसरी फुली आली. पहिल्या दोन जवळ, मध्यापासून मध्यापर्यंत 10 इंच. तिसरी त्यापुढे 20 इंचांवर, लांब फांदीच्या शेपटीसाठी. फांदी पुढे सरकवत वीतभर टोक कापत जायचं. शेवटी फूटभर उरतं, ते कापायच्या भानगडीत पडायचं नाही. ते चुलीला जातं.

सहा पाय म्हटल्यावर डुगडुग आलीच, अंगणाची फरशी कुठे सपाट असते! मधल्या फुलीचे पाय तळाशी अर्धा इंच कमी केले. फुल्या आडव्या पट्ट्यांनी बांधलेल्या असल्यामुळे ती लोंबती राहूनही भार घेते, आणि घोडी चार पायांवर ठाम बसते.

आमच्या शेजारचे सुतारकाका बघून म्हणाले, "पायाच्या तळाला डांबर लाव रे, पाणी तिथूनच चढतं." लगेच लावलं. लाकडाच्या आडव्या कापातून ओल खरंच भराभर शिरते.

करवत धनुष्याकृती, 24 इंची. ओल्या लाकडाचं पातं वेगळं असतं, चार दातांमागे भुसा ओढून काढणारा दात असलेलं. आंबा अजून आतून ओला आहे म्हणून तेच चढवलंय. 6 इंची फांदी घोडीवर ठेवली की तिची वरची बाजू जमिनीपासून सव्वादोन फुटांच्या आसपास येते. पाठ वाकत नाही, डावा हात कापापासून लांब राहतो.

फांदी अजून किंचित फिरते. पुढच्या रविवारी मधल्या खोबणीवरून काथ्याचा दोर टाकून खाली पायाने दाबायची सोय करणार आहे. आईने तोवर दोन दिवसांचे तुकडे उचलून बंबाशेजारी रचलेसुद्धा.