अडुसष्टचा गांधार

सांगलीच्या विश्रामबागेत माझं जुन्या कॅसेटी डिजिटल करून द्यायचं दुकान आहे. येतात त्या बहुतेक लग्नाच्या नाहीतर कीर्तनाच्या. गेल्या महिन्यात एक निवृत्त सर आले. त्यांच्या कॅसेटवर गाणं नव्हतं, प्रोग्रॅम होता. 1984 साली सुरू झालेल्या सरकारच्या क्लास प्रकल्पात शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. त्यावर सरांनी मुलांसाठी भूप रागाची सरगम लिहिली होती. शाळेनं संगणक केव्हाच भंगारात घातले. कॅसेट सरांकडे राहिली आणि 2019 च्या पुरात तिच्यात गाळ गेला.

लोकांना वाटतं, वायर जोडली की एमपी3 तयार. या कॅसेटवर नुसती किरकिर ऐकू येते: शून्यासाठी 1200 हर्ट्झचं एक आवर्तन, एकासाठी 2400 ची दोन. फितीवरचा गाळ पुसून ती नव्या कवचात घातली. प्लेअरच्या हेडचा स्क्रू जरा जरा फिरवत तासभर बसलो, तेव्हा कुठे प्रोग्रॅमचे सगळे ब्लॉक चेकसमसकट, म्हणजे वाचनातली चूक पकडणाऱ्या पडताळणीच्या आकड्यासकट, बिनचूक उतरले. मग आवाज. बीबीसी मायक्रोत आवाज काढणाऱ्या एसएन76489 चिपची लहर चौकोनी असते. ती सरळ सेकंदाला 44,100 नमुन्यांनी उचलली तर मुळात नसलेले खोटे सूर घुसतात. म्हणून मी आधी चिपच्याच गतीनं, सेकंदाला अडीच लाख नमुने काढतो, ते गाळतो आणि मग खाली आणतो. हे न करता पैसे घेणारे आहेत; त्यांच्या फायली ऐकवत नाहीत.

प्रोग्रॅम वाचताना एक आकडा खटकला. बीबीसी बेसिक या त्या संगणकाच्या भाषेत एका अर्धस्वराच्या चार पायऱ्या असतात. सरांचा सा 53 वर, गांधार त्याच्या चार अर्धस्वर वर, म्हणजे 69 हवा. होता 68. प्रत्येक ओळीत 68. चेकसम बरोबर असताना, तोच आकडा सगळीकडे दिसत असताना, मी ती टायपिंगची चूक समजलो आणि 69 करून फाईल दिली.

सरांनी दोनच आवर्तनं ऐकली. "गांधार चढलाय हो. मिरजेच्या तंबोऱ्याशी मिळवून उतरवला होता मी."

रात्री आकडेमोड केली. त्या सा शी तंतोतंत जुळणारा गांधार 327 हर्ट्झच्या आसपास येतो. 69 वर चिप देते सुमारे 330, 68 वर 325. अचूक दोन्ही नाहीत, पण 68 जवळचा. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गांधार सरांनी कानानं पकडला होता, आणि भूपाचा तर तो वादी, म्हणजे मुख्य स्वर.

दुसऱ्या दिवशी 68 ठेवून फाईल पुन्हा काढली, घरी नेऊन दिली. सर काही बोलले नाहीत, तिसऱ्यांदा लावली.

दोन वर्षांपूर्वी असाच एक प्रोग्रॅम आला होता. त्यातले तीन आकडे मी सुधारले होते. मूळ कॅसेट परत दिली, आणि त्या गिऱ्हाइकाचा फोन आता लागत नाही.