मोंढ्यातला पट्टीचा प्रोग्राम फ्रीडॉसवर: रनटाइम एरर २०० सुटला

परभणीच्या मोंढ्यात ओळखीच्या एका आडतीवर हिशोबपट्टी काढणारा डॉसचा प्रोग्राम अजून चालू आहे. वजन, भाव, हमाली, तोलाई टाकली की शेतकऱ्याच्या हातात पट्टी. लिहिणाऱ्याचा ठावठिकाणा नाही, सोर्स नाही. जुना संगणक बसला म्हणून मी पेंटियम फोरच्या मशीनवर फ्रीडॉस १.४ (एमएस-डॉसच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम) टाकून तो उभा करायला घेतला. हे मशीन मुद्दाम निवडलं: त्याला जुन्या प्रिंटरसाठीचा पॅरलल पोर्ट आहे आणि बायोस जुन्या पद्धतीचा आहे. नुसतं यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) असलेल्या मशीनवर फ्रीडॉस बूटच होत नाही.

प्रोग्राम सुरू करताच ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बाहेर. मुनीमजी म्हणाले, “ह्या नव्या डॉसला आपला प्रोग्राम चालत न्हाई वाटतं.” फ्रीडॉसवर हा आळ नेहमी येतो, आणि बहुतेक वेळा तो खोटा असतो. हाच एरर एमएस-डॉसवरही आला असता.

प्रोग्राम टर्बो पास्कल ७ मध्ये लिहिलेला आहे, आणि दोष त्याच्या सीआरटी युनिटमध्ये, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या तयार कोडमध्ये, आहे. ‘डिले’साठी, म्हणजे ठरावीक वेळ थांबण्यासाठी, प्रोसेसर किती वेगवान आहे ते कळावं म्हणून हे युनिट सुरुवातीलाच घड्याळाच्या एका टिकमध्ये, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या होतात ते मोजतं आणि त्या आकड्याला ५५ ने भागतं. भागाकाराचं उत्तर १६ बिटांत मावलं पाहिजे, म्हणजे ६५,५३५ पर्यंत. फेऱ्या सुमारे ३६ लाखांच्या वर गेल्या की उत्तर मावत नाही, प्रोसेसर भागाकाराचा इंटरप्ट देतो आणि पास्कल त्याला ‘शून्याने भागलं’ असं समजतं. एरर २०० चा अर्थ तोच. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या प्रोसेसरवर हे सुरू झालं. खात्री करायला तीच एक्सई (प्रोग्रामची फाईल) डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, सायकल्स ३००० वर, म्हणजे वेग कमी ठेवून चालवली. मेनू लगेच समोर!

सोर्स नसला तरी एक्सईमधला तेवढा तुकडा बदलणारे छोटे पॅच मिळतात. आधी मूळ फाईलची कॉपी काढा. एक्सई पीकेलाईटसारख्या साधनाने दाबलेली असेल तर पॅचला तो तुकडा सापडत नाही. आधी ती उलगडावी लागते. आमची दाबलेलीच होती. उलगडून पॅच केल्यावर प्रोग्राम व्यवस्थित उघडला.

एक गोष्ट इथे नोंदवतो. बूट होताना एफ५ दाबून कोरं फ्रीडॉस सुरू केलं तर ‘रनटाइम एरर ४’ येत होता. तो जास्त फाईली उघडल्याचा. एफ५ ने एफडीकॉन्फिग डॉट सिस ही सुरुवातीच्या सेटिंगची फाईल वगळली जाते, आणि तिच्यासोबत त्यातली ‘फाईल्स=४०’ ही ओळसुद्धा. म्हणून तपासणीसाठी एफ५ पेक्षा एफ८ बरा. एकेक ओळ विचारून पुढे जातो.

छपाईला त्रास नाही. ‘डीआयआर’चं आउटपुट एलपीटी१ वर, म्हणजे पॅरलल पोर्टवर, वळवलं आणि डॉट मॅट्रिक्सने लगेच कागद ओढला. विंडोजच्या ड्रायव्हरवरच चालणारे प्रिंटर मात्र डॉसमधून छापत नाहीत, त्यांच्यामागे लागू नका.

आपल्याकडे लाईटीचा भरवसा नाही, म्हणून डिस्कवरचं लिखाण मागे ठेवणारा कॅश लावलेला नाही. पार्टिशनही २ जीबीच्या आत फॅट१६ (डिस्कवर फाईली मांडायची जुनी पद्धत) ठेवलं आहे: फ्रीडॉसची डिस्क तपासणारी कमांड चेकडिस्क नंतरची फॅट३२ पद्धत तपासत नाही, तिथे डॉसएफएससीके लागतं, आणि मुनीमजींना एकच कमांड शिकवायची होती.

आता बॅकअप. लॅन कार्डाचा पॅकेट ड्रायव्हर (डॉसला कार्ड वापरू देणारा) चढला, एमटीसीपी या डॉससाठीच्या नेटवर्क प्रोग्रामांच्या संचातल्या डीएचसीपीने आयपी पत्ताही मिळवला. त्यातलाच एफटीपी सर्व्हर लावून रोजचा डेटा दुकानातल्या लॅपटॉपवर ओढायचा आहे. सोयाबीनची आवक वाढायच्या आत ते झालं पाहिजे. एमटीसीपीचा सर्व्हर कुणी रोज वापरत असेल तर आपली कॉन्फिग फाईल जरूर दाखवा.