पावडर फीडर: स्क्रू काढला, चकती बसवली

नोझलला धातूची पावडर पुरवणारा माझा स्क्रू फीडर (फिरत्या स्क्रूने पावडर पुढे ढकलणारा) चालत होता, मग काढला कशाला, असं दोघातिघांनी विचारलंय. मिनिटाचा हिशेब त्याचा चोख होता, पण लेसर क्लॅडिंगला, म्हणजे लेसरने पावडर वितळवून धातूवर थर चढवायला, मिनिटाची सरासरी काय कामाची? नोझल सेकंदाला १० मिमी सरकतंय आणि पावडर अर्धा सेकंद आटली, तर ५ मिमी लांबीचा थर बारीक झालाच म्हणून समजा. स्क्रूचा आटा तोंडाशी आला की पावडर भसकन पडते, मग खंड. फेरे कमी केले की हे जास्तच जाणवतं, आणि आपल्याला तर कमीच हवेत.

आता बंद डब्यात फिरणारी पितळी चकती आहे. तिच्यावर ५ मिमी रुंद, ०.६ मिमी खोल अशी गोल खाच, सरासरी व्यास ६० मिमी. हॉपरमधून, म्हणजे वरच्या पावडरच्या भांड्यातून, पावडर खाचेत पडते, टेफ्लॉनचा ठोकळा ती सपाट करतो आणि समोरच्या बाजूला आर्गॉन वायू ती नळीत ओढून नेतो. एका फेऱ्याला सुमारे ०.५६ घनसेंमी. ३१६ एल स्टीलची सैल पावडर घनसेंमीला ४.२ ग्रॅम धरली, तर २.४ ग्रॅम. मिनिटाला ३ फेरे, म्हणजे ७ ग्रॅम. एवढ्या कमी वेगाला स्टेपर मोटर (टप्प्याटप्प्याने फिरणारी) स्वतःच झटके देते, म्हणून मध्ये गिअरबॉक्स.

खरी मेख दाबात आहे. चकतीच्या डब्यात आर्गॉनचा दाब आणि हॉपरमध्ये त्याहून कमी, असं असेल तर वायू खालून हॉपरच्या गळ्यात घुसतो. ॲक्रिलिकच्या झाकणातून दिसतं: गळ्याशी पावडर नुसती नाचतेय, मधूनच बुडबुडा वर येतो, खाच मात्र अर्धी रिकामी. हॉपरचं झाकण हवाबंद करून तिथून डब्यापर्यंत एक साधी नळी जोडली की दोन्हीकडचा दाब सारखा होतो. लगेच खाच काठोकाठ भरून राखाडी पट्टा सलग फिरायला लागतो. नव्याने बनवणाऱ्यांनी मोटरच्या आधी ही नळी घ्यावी!

मोजणीचं सांगायचं तर, पावडर बाटलीत धरून वजन केलं की वायूचा झोत काट्याला ढकलतो. म्हणून अख्खा फीडरच लोड सेलवर (वजन मोजणाऱ्या सेन्सरवर) ठेवलाय आणि घटणारं वजन बघतो. नळ्या सैल लोंबत्या ठेवायच्या, नाहीतर त्यांचाच ताण मोजला जातो.

पावडर ४५ ते १५० मायक्रॉनची, गोल दाण्यांची घ्या. थ्रीडी प्रिंटिंगची १५ ते ४५ वाली स्वस्तात मिळाली तरी नको, ती गळ्यात अडते. पावसाळ्यात ओव्हनमध्ये वाळवून घेतल्याशिवाय भरू नका. मास्क आणि अर्थिंग हवंच. ॲल्युमिनियम, टायटॅनियमच्या भुकटीच्या वाटेला घरच्या शेडमध्ये मी तरी जाणार नाही.

पुढचं काम स्प्लिटरचं: एका नळीतून चार वाटा, चारहींत सारखी पावडर. साधा वाय जोड वळणावर एका बाजूला झुकतं माप देतो. कोणी शंकूचा स्प्लिटर लेथवर काढला असेल तर कोन किती ठेवला, सांगा.