मिनिटाला 33 थेंब

यंदा पुन्हा अधिक ज्येष्ठ आला आणि पाठोपाठ अकोल्याहून आईचा फोन. "जावईबापूंना घेऊन कधी येतेस?" यंदा सांगायला तारीख आहे. दवाखाना माझा स्वतःचा, दारावर एक दिवस पाटी लावली की झालं. आठ वर्षांपूर्वी, 2018 मध्ये, हाच अधिक ज्येष्ठ आला होता, तेव्हा याच प्रश्नावर मी वॉर्डाच्या जिन्यात फोन कानाला लावून नुसती बसून राहिले होते.

तेव्हा मी नागपुरात मेडिसिनची जेआर टू, म्हणजे ज्युनियर रेसिडेंट, एमडीचं दुसरं वर्ष. खालच्या जेआर वनला सांभाळायचं आणि थिसिसमध्ये बुडालेल्या जेआर थ्रीची कामंही गपगुमान उरकायची. घरी चार वर्षांची मुलगी, बँकेतला नवरा आणि सासूबाई. त्या वर्षी मुलगी माझ्यापेक्षा सासूबाईंचीच जास्त होती. हे आता सहज लिहिते आहे, तेव्हा मनात आलं तरी घसा दाटायचा.

सासूबाईंचा अधिक म्हणजे पहाटेचं स्नान, पोथी, रोज दिवा, एक वेळ जेवण. हा महिना मूळचा मलमास. बाराही महिन्यांना आपापला देव मिळाला, हा तेरावा कुणाच्याच वाट्याचा नव्हता. शेवटी विष्णूने त्याला जवळ केलं, स्वतःचं नाव दिलं, म्हणून तो पुरुषोत्तम मास. ही गोष्ट सासूबाई नातीला रोज रात्री कूलरसमोर बसवून सांगायच्या आणि नात रोज विचारायची, "पण त्याची आई ड्युटीला गेली होती का?"

"तूही एखादा नेम धर," सासूबाई मला म्हणाल्या. "अधिकात एक तरी नेम धरावा."

मी त्यांना माझा दिनक्रम सांगितला. मेस दोनला बंद होते आणि राऊंड अडीचला संपतो, तेव्हा एकभुक्त आपोआप होतं. ड्युटी रूममध्ये कॉट एक आणि आम्ही तिघी, म्हणून भूमिशयन. सरांच्या राऊंडला मौन. युनिटच्या इमर्जन्सीच्या दिवशी पोटात काही जात नाही आणि दुसऱ्या दिवशी समोर येईल ते खाते, हे तर शुद्ध धारणंपारणं. अधिकाची सगळी व्रतं आमच्या विभागाने वर्षभरासाठी लावून दिली होती. सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ते घडतं, धरलेलं नसतं." मला तेव्हा राग आला. बोलायला काय जातं यांना, असं वाटलं.

त्यात सगळीकडे 33 चा गजर. 33 वाती, 33 प्रदक्षिणा, जावयाला 33 अनारसे. ऐकून ऐकून मुलीला मोठा आकडा म्हणजे 33 एवढंच कळलं होतं. आभाळात चांदण्या किती, तेहतीस. बाबांचं वय किती, तेहतीस. (हे मात्र बरोबर निघालं.)

त्या वर्षी अधिक 16 मेला लागला आणि दुसऱ्याच दिवशी पहिला रोजा. माझी को-जेआर रोजे धरायची. नागपूरचा मे महिना, पारा 45 च्या पुढे, पहाटे चारच्या आसपासपासून संध्याकाळी सातच्या जरा अलीकडेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. पहिल्या दिवशी राऊंड संपल्यावर मी सवयीने पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली आणि जीभ चावली. तीच म्हणाली, "अगं, धर की, बाटली गार आहे तर गालाला लावते."

एका रात्री साडेतीनला ती सहेरी करत होती आणि मी शेजारी चहा घेत होते. मोमिनपुऱ्यातून तिच्या घरचा डबा आला होता. तिने विचारलं, तुमचा हा जादाचा महिना येतो कुठून? मी सासूबाईंच्या कृपेने तयार होते. एक्स-रेच्या रिकाम्या फॉर्मच्या पाठीवर मांडलं: चंद्राचं वर्ष 354 दिवसांचं, सूर्याचं 365 चं, दर वर्षी अकरा दिवसांची तूट. आपल्याकडे ती साठवतात आणि साधारण 33 महिन्यांनी एक अख्खा महिना घालून फिटवतात. म्हणून दिवाळी दिवाळीच्या थंडीतच येते. तिने माझ्या हातातलं पेन घेतलं. "आम्ही फिटवत नाही. अकरा दिवस सोडून देतो. म्हणून रमजान दर वर्षी तेवढाच अलीकडे सरकतो, कधी थंडीत, कधी पावसात." मग भागाकार केला, 365 भागिले अकरा, आणि माझ्याकडे पाहिलं. 33. सगळे ऋतू फिरून रमजान पुन्हा त्याच उन्हाळ्यात यायला सुमारे 33 वर्षं. म्हणजे तिच्या आजीनेही कधीतरी असेच मे महिन्यातले रोजे धरलेले असणार, आणि तेव्हा घरात फ्रीजसुद्धा नसणार. फॉर्म तिने घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवला. तेवढ्यात सिस्टरांनी हाक मारली आणि माझा चहा तिथेच राहिला.

25 मेला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. ऊन लागलेली माणसं कॅज्युअल्टीत यायची ती बहुतेक उन्हात राबणारी: गवंडी, हमाल, रिक्षावाले. एकाचा ताप 41 च्या वर, अंग कोरडं ठणठणीत, स्वतःचं नाव सांगता येत नाही. अशा तापाला पॅरासिटामॉल चालत नाही, माणूस बाहेरून गार करावा लागतो. ओली चादर, वर पंखा, काखेत आणि जांघेत बर्फ. त्या दुपारी बर्फच संपला. वॉर्डातले मामा काही न बोलता निघून गेले. मला वाटलं, गेले जेवायला. वीस मिनिटांनी गेटाबाहेरच्या रसवंतीवरून अर्धी लादी पोत्यात गुंडाळून खांद्यावर घेऊन आले, पाठीवरून पाणी निथळतंय. पैसे विचारले तर म्हणाले, "अधिक चालू आहे ना मॅडम, होऊ द्या." माणूस संध्याकाळी बायकोला ओळखू लागला. मामांनी त्या महिन्यात किती लाद्या आणल्या ते मी मोजलं नाही, मोजायला हवं होतं.

माझा नेम मला सापडला तो पुढच्या आठवड्यात, एका म्हाताऱ्या आजींपाशी. जुलाबांनी आणि उन्हाने पार सुकलेल्या, त्यात हृदय कमकुवत. पाणी द्यायलाच हवं आणि भराभर दिलं तर फुफ्फुसात भरेल. तासाला 100 मिली, असं मी कागदावर लिहिलं. पंप होते ते सगळे आयसीयूत, वॉर्डात आपलं घड्याळ आणि आपला अंगठा. सलाइनच्या नेहमीच्या सेटमध्ये 20 थेंबांचा एक मिली होतो. म्हणजे तासाला 2000 थेंब, मिनिटाला 33.

हे गणित मी शेकडो वेळा केलं असेल. वॉर्डात कुणीही झोपेतसुद्धा सांगेल. पण त्या रात्री नळीवरच्या, थेंब कमीजास्त करायच्या चक्रीवर अंगठा ठेवून, घड्याळाच्या काट्याकडे एक डोळा आणि नळीतल्या छोट्या डबीत पडणाऱ्या थेंबाकडे एक डोळा ठेवून मोजायला लागले, एकतीस, बत्तीस, तेहतीस, आणि काटा बारावर आला. मी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मोजायची खरं तर गरज नव्हती. आजींनी डोळे किलकिले करून विचारलं, "काय पुटपुटते वं बाई, जप करून राहिली काय?"

मी हो म्हणून टाकलं.

घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं की नेम धरलाय, रोज एका तरी पेशंटपाशी बसून 33 थेंब स्वतः मोजते, जेआर वनवर सोडत नाही. मला वाटलं, थट्टा समजतील. त्यांनी चौकशी केली. पाणी कुठलं असतं, मीठ असतं का त्यात, मध्ये थांबलं तर काय करता. मग म्हणाल्या, "वैशाखात पिंडीवर गळती टांगतात, तिच्या भोकातली वात मी अशीच सारखी करायचे. जास्त पिळली की बंद, सैल केली की धार." दोन बोटांनी हवेत वात पिळून दाखवली. त्यांची बोटं चक्री फिरवल्यासारखीच फिरली. त्यानंतर नेमाचा विषय त्यांनी काढला नाही.

राहता राहिले जावयाचे अनारसे. सुट्टी मिळेना, मिळाली तर नवऱ्याला मिळेना. शेवटी आईच निघाली. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, गुळात पीठ मळून ठेवलेलं होतं. उन्हाळ्यात ते लवकर आंबतं, थांबून चालत नाही. पहिल्या घाण्याचे चार तुपात हसले, म्हणजे फुटून पसरले. पण पुढचे साधले. रविवारी सकाळी विदर्भ एक्सप्रेसने ती उतरली, एका हातात ताम्हण आणि निरांजन, दुसऱ्या हातात डबा. मी इमर्जन्सी संपवून दहाला घरी आले होते आणि पाटावर बसल्या बसल्या डुलक्या घेत होते. नवरा शेजारी कडक शर्टात, घामाघूम, कारण निरांजन विझू नये म्हणून कूलर बंद केलेला.

आईने ताम्हणात अनारसे मोजून ठेवायला घेतले. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. डबा रिकामा. पुन्हा मोजले. घरात शांतता पसरली. मग सगळ्यांनी एकदम मुलीकडे पाहिलं. तिच्या हनुवटीला खसखस चिकटलेली होती.

"किती खाल्लेस गं?" आईने विचारलं.

"तेहतीस."

आईने पिशवीतून बत्तासे काढले आणि चार वर ठेवले. एकोणतीस आणि चार. सासूबाई म्हणाल्या, चालतात, बत्तासेही चालतात. ओवाळून झालं. जावईबापूंनी तिथल्या तिथे दोन खाल्ले. मी सहा एका डब्यात घातले, कारण को-जेआरने रोजा सोडल्यावर जाळी बघायची फर्माईश केली होती. मी फोनवर तिला सांगितलं होतं की आमच्या आईचे अनारसे म्हणजे सीटी स्कॅनमधलं हनीकोंब, फुफ्फुसात दिसणारी पोळ्यासारखी जाळी.

दुपारभर मुलगी माझ्या पोटावर झोपली. सहाला उठून मी ॲप्रन घातला. रात्रीची ड्युटी एकीशी बदलून घेतलेली होती, त्या दिवशीची सकाळ मिळावी म्हणून. मुलगी दारात आली.

"आई, किती वाजता येशील?" आणि मी तोंड उघडायच्या आत तिनेच सांगितलं, "तेहतीस वाजता."

जिना उतरताना मी हिशेब केला. चोवीस आणि नऊ. ड्युटी सकाळी नऊलाच संपत होती.