विचारल्यावर सांग

स्क्रीन शेअर करून माझ्यासोबत प्रोग्रॅमिंग करणारे हमखास विचारतात, "तुमच्याकडे शब्दावर माउस नेला तरी माहितीची चौकट उघडत नाही. बंद कशी केलीत? आणि का?"

'कशी' सोपं आहे. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरच्या सेटिंग्जमध्ये 'एडिटर हॉवर' (हॉवर म्हणजे माउस नेल्यावर चौकट उघडणं) शोधायचं आणि 'इनेबल्ड' बंद करायचं.

'का' मात्र नीट सांगायला हवं. कोड वाचताना माउसचा बाण ओळीवर ठेवायची मला सवय आहे, पुस्तक वाचताना ओळीखाली बोट ठेवतात तशी. बाण शब्दावर स्थिरावला की 300 मिलिसेकंदांत चौकट उघडते; व्हीएस कोडमध्ये मूळचा अवधी तेवढाच आहे. म्हणजे मी विचार करायला थांबलो की लगेच. शिवाय जागा असेल तर ती ओळीच्या वरच्या बाजूला उघडते. हे व्हेरिएबल आलं कुठून, हे बघायला माझी नजर वर जाते आणि नेमक्या त्याच ओळी झाकलेल्या असतात. बाण चौकटीवर गेला तर ती हलतही नाही. एस्केप दाबेपर्यंत डोक्यात जुळवलेलं सुटून गेलेलं असतं. दिवसभरात असं किती वेळा व्हायचं! स्क्रीन मोठी करून वाचणाऱ्यांना तर हा त्रास कितीतरी जास्त, कारण त्यांना मुळात थोड्याच ओळी दिसतात. वेब सुलभतेच्या 2018 सालच्या डब्ल्यूसीएजी 2.1 या निकषांत, माउस न हलवता अशी चौकट घालवता आली पाहिजे, असं म्हटलंय ते उगाच नाही.

ती माहिती मला नको आहे असं नाही. फंक्शनला काय द्यायचं, परत काय मिळतं, हे मीही रोज बघतो. पण कंट्रोल-के, कंट्रोल-आय दाबून. हॉवर बंद असला तरी कर्सरखालच्या शब्दाची तीच चौकट उघडते. फरक एवढाच, की मी विचारलेलं असतं.

एक गैरसोय होते: चुकीखालच्या लाल नागमोडी रेषेवर माउस नेऊन एररचा मजकूर वाचता येत नाही. त्यासाठी एफ8 दाबलं की पुढच्या एररवर जाता येतं आणि मजकूर तिथेच दिसतो.

भाषा नवी असेल तर मात्र हॉवर पूर्ण बंद करू नका. टाइप्स (संख्या, मजकूर असे माहितीचे प्रकार) सतत दिसण्याचा तेव्हा खरंच उपयोग होतो. फक्त अवधी 300 वरून 1500 करा आणि 'हॉवर अबव्ह' बंद करून चौकट ओळीखाली आणा.