काही घडतच नाही म्हणे!

पोलंडचे संगीतकार हेन्रिक गुरेत्स्की यांची तिसरी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, १९७७ साली फ्रान्समध्ये पहिल्यांदा वाजली, तेव्हा समीक्षकांनी तिला झोडपलं. काही घडतच नाही म्हणे: तिन्ही भाग संथ, सूर साधे, आधुनिकतेचा मागमूस नाही. पुढं १९९२ मध्ये नोनसच कंपनीनं तिचा अल्बम काढला: गायिका डॉन अपशॉंचा आवाज, लंडन सिंफोनिएटा हा वाद्यवृंद, संचालक डेव्हिड झिनमन. तो ब्रिटनमध्ये पॉपच्या यादीत सहाव्या नंबरावर गेला, जगभरात दहा लाखांवर खपला. मग टीकेचा सूर बदलला: लोकांना आवडतंय म्हणजे उथळच असणार!

मला हा आरोप झोंबतो. आमच्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. एकेका सुरावर थांबत राग उलगडायची सवय इथल्या कानांना आहे. विलंबित ख्यालालाही लोक हेच म्हणतात, की काही घडतच नाही.

तंबोऱ्याची जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून तारांचा नाद खुलवून घ्यायला, सतारमेकर गल्लीत गेले होते, तेव्हा तिथल्या कारागीर चाचांना या सिंफनीचा पहिला भाग ऐकवला. ते घोडीवर कानस फिरवत होते. मधेच तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा एक हलका हात. इकडे सिंफनीत सुरुवातीला फक्त डबल बास हे मोठं तंतुवाद्य, अगदी खर्जात. तीच चाल दुसरा आवाज पाचव्या सुरावरून उचलतो, मग तिसरा त्याच्याही पाचव्यावरून. असे आठ थर चढत जातात. चाचांनी कानस खाली ठेवली. म्हणाले, "घडतंय की वो ताई. पंचमानं चढतंय बघा."

एवढं त्या समीक्षकांना ऐकू आलं नसेल?

आठही थर भरले की गायिका येते, पंधराव्या शतकातला मरियमचा, येशूच्या आईचा, विलाप गाते, आणि मग सगळं त्याच वाटेनं खर्जात उतरतं. जवळजवळ अर्धा तास. दुसऱ्या भागाचे शब्द पोलंडमधल्या झाकोपाने इथल्या गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, कोठडीत अठरा वर्षांच्या मुलीनं भिंतीवर कोरलेले: आईला रडू नकोस म्हणणारे. रेडिओवर हाच भाग गाजला, आणि तेवढाच ऐकून कुणी या सिंफनीला हळवी म्हणत असेल तर तो अन्याय आहे. पहिल्या भागापासूनच ऐका. आणि फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा. नाहीतर सुरुवातीचा डबल बास ऐकूच येत नाही.