आम्ही की आपण : सेमिनरीतील चार वर्षांचा माझा अनुभव

सोलापूरहून पहाटे सुटणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसने मी सेमिनरीच्या, म्हणजे चर्चचे पाळक घडवणाऱ्या महाविद्यालयाच्या, मुलाखतीसाठी पुण्याला निघालो, तेव्हा माझ्या पिशवीत बी.ए.ची गुणपत्रिका, बाप्तिस्म्याचा दाखला, मंडळीच्या (आमच्या स्थानिक चर्चच्या) पंचांचे शिफारसपत्र आणि दोन पानांची साक्ष होती. बारावीनंतर बी.टीएच. (बॅचलर ऑफ थिऑलॉजी) आणि पदवीनंतर बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) अशा दोन वाटा असतात. माझी दुसरी होती. कागदपत्रे आठवड्याभरात जमली, साक्ष मात्र जमेना. देवाने सेवेसाठी आपले पाचारण कसे केले, हे तिच्यात स्वतःच्या शब्दांत लिहायचे असते आणि मी तर लहानपणापासून उपासनेत ऐकलेल्या इतरांच्या साक्षींमधली वाक्ये जुळवून ती पुरी केली होती. एका वयस्कर प्राध्यापकांनी ती वाचली आणि विचारले, "पाचारण झाले हे कशावरून?" मी पाठ केलेले उत्तर दिले. त्यांनी नुसती मान हलवली. प्रवेश मिळाला, पण ते मान हलवणे पुढे कित्येक महिने डोळ्यांसमोरून जाईना.

पहिले सत्र इंग्रजीशी झगडण्यातच गेले. व्याख्याने इंग्रजीत, ग्रंथालय इंग्रजीत, आणि मी मराठी माध्यमातला. दिलासा मिळाला तो अनपेक्षित ठिकाणी, ग्रीकच्या तासाला. नामाला विभक्ती लागते, लिंगे तीन असतात, क्रियापदाच्या रूपातच कर्ता दडलेला असतो, या गोष्टी शहरी मित्रांना अंगावर येत असताना मला त्या घरच्यासारख्या वाटत होत्या. 'ल्युओ' म्हणजे 'मी सोडतो'. भूतकाळ करताना त्याच्या आधी 'ए' लागून 'एल्युओन' होते, हे फळ्यावर पाहिले आणि दहावीच्या संस्कृतमधले 'गच्छति'चे 'अगच्छत्' आठवले. ग्रीकमधला मध्यम प्रयोग, ज्यात क्रियेचा रोख कर्त्याकडेच वळतो, संस्कृतमधल्या आत्मनेपदाच्या जवळचा आहे, हे लक्षात आल्यावर तर मी वर्गातल्या दोघातिघांची शिकवणीच घेऊ लागलो. हिब्रूने हा तोरा उतरवला. उजवीकडून डावीकडे वाचायचे, मूळ लेखन मुख्यतः व्यंजनांचेच, आणि स्वरांच्या खुणा कित्येक शतकांनंतरच्या विद्वानांनी घातलेल्या. त्या खुणा नसलेले पान समोर आले की मी अक्षरशः मुका होई.

बायबलच्या ६६ पुस्तकांचा अभ्यास म्हणजे वचने पाठ करणे, अशी माझी समजूत होती. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील नवव्या वचनापासून पुढचा भाग सर्वांत जुन्या दोन प्रमुख हस्तलिखितांत नाही, हे शिकवले गेले त्या रात्री मला झोप लागली नाही. आज्जीच्या बायबलमध्ये त्याच वचनांखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या. सुट्टीत हे मी तिला सांगितले नाही. सांगायला हवे होते का, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

पण ज्या गोष्टीने मला खरे बदलले, ती याहून किरकोळ दिसणारी होती. मार्काच्या चौथ्या अध्यायात वादळ सुटते, नावेत पाणी शिरते, येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलेला असतो आणि शिष्य त्याला उठवून विचारतात की, गुरुजी, बुडतो आहोत याची तुम्हांला काळजी नाही काय? ग्रीकमध्ये इथे एकच क्रियापद आहे, 'अपोल्लुमेथा'. त्यात 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद नाही, इंग्रजीतही नाही. मराठीत मात्र भाषांतरकाराला पळवाट नसते. 'आम्ही बुडतो' म्हटले तर झोपलेला गुरू त्या बुडण्यातून वगळला जातो. 'आपण बुडतो' म्हटले तर तोही त्याच नावेत येतो. मी या एका शब्दावर बारा पानांचा निबंध लिहिला आणि 'आम्ही'च्या बाजूने निकाल दिला. शिष्य गाऱ्हाणे करत आहेत आणि गाऱ्हाणे करणारा समोरच्याला आपल्यात धरत नाही, असा माझा मुद्दा होता. निबंधाला चांगले गुण मिळाले. त्या काळात पंडिता रमाबाईंच्या भाषांतराविषयी वाचताना जाणवले की, हिब्रू आणि ग्रीक शिकून एकहाती संपूर्ण बायबल मराठीत आणणाऱ्या या बाईंनी असे किती निकाल एकट्याने दिले असतील. त्या १९२२ साली वारल्या, भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.

तिसऱ्या वर्षी क्षेत्रकार्यासाठी मला सोलापुरातच एका लहान मंडळीकडे पाठवले. पहिला उपदेश मी चाळीस मिनिटे केला आणि त्यात सात ग्रीक शब्द घातले. बाहेर पडताना एक म्हातारे गृहस्थ हात मिळवून म्हणाले, "शिकलायसा लई, दिसतंय की." ही स्तुती नव्हती, हे घरी पोचल्यावर कळले.

त्या मंडळीत पूर्व भागातल्या एक काकू येत. विड्या वळायच्या, घरात तेलुगू बोलायच्या, प्रार्थना मात्र मराठीत करायच्या. त्यांचे यजमान दवाखान्यात दाखल झाले आणि मुख्य पाळक गावाला गेलेले असल्यामुळे मला जावे लागले. भेटीला जाताना काय म्हणावे याचे टिपण आम्हांला वर्गात दिले होते: आधी ऐका, घाईने वचन सांगू नका, स्पष्टीकरण देऊ नका. डॉक्टरांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेविषयी सांगितले होते. काकू बाकावर सरकून मला जागा करत म्हणाल्या, "पास्टर, आता आपण काय करायचं?" त्यांच्या वयाच्या निम्मा आणि त्यांच्या कुटुंबाचा कोणीही नसलेला मी त्या 'आपण'मध्ये कधी बसलो, मला समजले नाही. टिपणातले काहीही मी वापरले नाही. रक्ताच्या पिशवीसाठी रक्तपेढीत गेलो, परत आलो, आणि रात्री उशिरापर्यंत त्या बाकावर बसून राहिलो. प्रार्थना काकूंनीच केली. पुण्याला परतल्यावर जुना निबंध काढून वाचला. त्यातले व्याकरण बरोबर होते. निकालाची मात्र मला पूर्वीसारखी खात्री राहिली नव्हती.

चौथे वर्ष प्रबंध, चर्चचा इतिहास आणि उपदेशशास्त्राच्या तोंडी परीक्षा यांत भराभर संपले. पदवी मिळाली म्हणून लगेच पाळकपदाची दीक्षा मिळत नाही; आधी परिवीक्षेचा काळ असतो, मंडळीचा अहवाल जातो आणि मग समितीपुढे बसावे लागते. समितीने तोच प्रश्न विचारला, पाचारण झाले हे कशावरून. माझ्याकडे पाठ केलेले उत्तर नव्हते, म्हणून मी दवाखान्यातल्या बाकाविषयी सांगितले, तेही अडखळत. कोणी मान हलवली नाही, कोणी काही लिहूनही घेतले नाही. कोपऱ्यात बसलेल्या एका पंचांनी शेवटी एवढेच विचारले, "उपदेश किती मिनिटं करता?"

"अठरा," मी म्हणालो.